मृदू भिंगांचा जनक : ओटो विख्टर्ले

डोळ्यांत धुळीचा एवढासा कण गेला तरी मनुष्य कासावीस होतो. पापण्या आपोआप मिटतात, डोळ्यांना पाणी सुटते आणि तो कण बाहेर पडेपर्यंत जिवाला चैन पडत नाही. निसर्गाने ही सावधगिरी आपल्या रक्षणासाठीच दिलेली आहे. जे परके आहे ते दूर लोटावे, हा देहाचा धर्मच होय. मग ज्या डोळ्याला धुळीचा कणही सहन होत नाही, त्याच डोळ्यावर सबंध भिंग बसवावे, ते सकाळपासून रात्रीपर्यंत तेथे राहावे आणि तरीही त्याची जाणीव होऊ नये, ही गोष्ट ऐकणाऱ्याला अशक्यच वाटेल. परंतु आज जगातील कोट्यवधी माणसे अशी मृदू भिंगे डोळ्यांवर घालून आपापले व्यवहार सुखाने करीत आहेत. हे अशक्य वाटणारे कार्य ज्यांनी सिद्धीस नेले, त्या शास्त्रज्ञाचे नाव ओटो विख्टर्ले.

विख्टर्ले यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजी मोराव्हिया प्रांतातील प्रोस्त्येयोव या गावी झाला. हा प्रांत त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, ते साम्राज्य लयास गेले आणि चेकोस्लोव्हाकिया या नव्या राष्ट्राचा उदय झाला. आज हा प्रांत चेक प्रजासत्ताकात आहे. ओटो यांचे वडील शेतीची यंत्रे तयार करणाऱ्या एका कारखान्याचे भागीदार होते. पुढे त्याच कारखान्यातून मोटारगाड्याही बाहेर पडू लागल्या. त्यामुळे चाके, दाते आणि आस यांची ओळख ओटो यांना घरातच झाली. ही ओळख पुढे एका आणीबाणीच्या प्रसंगी त्यांच्या फार उपयोगी पडणार होती.

गावातील शाळेचा अभ्यासक्रम पुरा करून ओटो प्राग येथे आले आणि तेथील तंत्रविद्यापीठात रसायनशास्त्राचे अध्ययन करू लागले. वैद्यकाविषयीही त्यांना ओढ होती. रसायन आणि वैद्यक या दोन विद्यांचा संगम आपल्याच हातून व्हावयाचा आहे, हे त्या तरुण विद्यार्थ्याच्या स्वप्नातही नसेल. १९३६ साली ते पदवीधर झाले आणि प्रोफेसर एमिल व्होटोचेक यांच्या हाताखाली संशोधनात रमले. परंतु सरस्वतीच्या या उपासनेत लवकरच विघ्न आले. मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या फौजांनी प्राग शहर व्यापले आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबर रोजी नाझी राज्यकर्त्यांनी सर्व चेक विद्यापीठांना टाळे ठोकले. हजारो विद्यार्थी आणि शेकडो अध्यापक एका दिवसात निराधार झाले. विख्टर्ले त्यांच्यापैकीच एक होते.

अशा वेळी त्यांना झ्लिन येथील बाटा कंपनीच्या संशोधनशाळेत आश्रय मिळाला. पादत्राणांमुळे भारतातही घरोघरी परिचित झालेली बाटा कंपनी हीच. तेथे विख्टर्ले यांनी बहुवारिकांच्या अभ्यासाला वाहून घेतले. एकाच प्रकारचे लहान लहान रेणू परस्परांना जोडले गेले म्हणजे जी लांबलचक साखळी तयार होते, तिला बहुवारिक म्हणतात. प्लॅस्टिक, रबर आणि कृत्रिम धागे ही सर्व बहुवारिकांचीच रूपे होत. १९४१ साली विख्टर्ले आणि त्यांचे सहकारी यांनी अशाच एका पदार्थापासून बळकट धागा काढला. अमेरिकेत नायलॉनचा शोध नुकताच लागला होता. झ्लिनमधील या मंडळींनी निराळ्या मार्गाने त्याच जातीचा धागा तयार केला होता. पुढे तो ‘सिलोन’ या नावाने चेकोस्लोव्हाकियात घरोघरी पोचला.

धाग्याचा शोध लागला, तरी देश पारतंत्र्यातच होता. १९४२ मध्ये नाझींच्या गुप्त पोलिसांनी विख्टर्ले यांना अटक केली. काही महिने कारावासात काढल्यावर त्यांची सुटका झाली. ज्या काळात अनेक देशबांधव तुरुंगातून परतलेच नाहीत, त्या काळात ते जिवंत बाहेर पडले, हे त्यांचे आणि विज्ञानाचेही भाग्यच म्हटले पाहिजे.

१९४५ साली महायुद्ध संपले. विद्यापीठांची द्वारे पुन्हा उघडली आणि विख्टर्ले अध्यापनाकडे वळले. त्यांनी रसायनशास्त्रावर पाठ्यपुस्तके लिहिली, प्लॅस्टिकच्या तंत्रविद्येचा स्वतंत्र विभाग उभारला आणि १९५२ साली प्राग येथे रसायन-तंत्रविद्येची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, तेव्हा तेथील विद्याशाखेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. आयुष्याचा प्रवाह आता संथपणे वाहू लागेल, असे कोणालाही वाटले असते. परंतु त्याच वर्षी एका साध्या आगगाडीच्या प्रवासात त्यांच्या जीवनकार्याला नवे वळण मिळाले.

डब्यातील एक सहप्रवासी नेत्रवैद्यकाचे नियतकालिक वाचीत होते. त्यातील एका लेखात टँटॅलम या धातूपासून केलेल्या कृत्रिम नेत्राविषयी माहिती होती. विख्टर्ले यांची दृष्टी त्या पानावर गेली आणि त्यांचे विचारचक्र सुरू झाले. डोळ्यासारख्या कोमल इंद्रियाला कठीण आणि जड धातूची संगत का म्हणून द्यावी, असा प्रश्न त्यांना पडला. जिवंत पेशीजालाच्या सहवासात राहू शकेल असे एखादे बहुवारिक मुद्दाम घडविणे अधिक योग्य होईल, हा विचार त्यांनी त्या गृहस्थांपुढे मांडला. प्रवास संपला, सहप्रवासी आपापल्या वाटेने गेले. परंतु तो विचार मात्र विख्टर्ले यांच्या मनातून गेला नाही.

तोवर शरीरात किंवा शरीरावर बसविण्यासाठी जे पदार्थ वापरले जात, ते बहुतेक दुसऱ्याच कामासाठी तयार झालेले असत. डोळ्यावर बसविण्याची पहिली भिंगे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेची झाली. पुढे ती कठीण प्लॅस्टिकची होऊ लागली. त्यांतून स्पष्ट दिसे, पण ती डोळ्याला सलत असत. त्याचे कारण उघड आहे. बुबुळावरील पारदर्शक पडदा मऊ आणि ओला असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. आपल्याला लागणारा प्राणवायू तो मुख्यतः बाहेरच्या हवेतूनच, अश्रूंच्या पातळ थरामार्फत घेतो. त्यावर कठीण आणि अभेद्य झाकण बसविले, तर तो पडदा घुसमटतो आणि घासला जातो. कारखान्यातील खिडकीसाठी किंवा विमानाच्या छपरासाठी जो पदार्थ उत्तम, तो डोळ्यासाठीही उत्तम असलाच पाहिजे, असे थोडेच आहे?

विख्टर्ले यांनी या प्रश्नाचा विचार उलट्या दिशेने केला. हाती असलेला पदार्थ शरीराच्या गळी उतरविण्याऐवजी, शरीराला कोणता पदार्थ मानवेल हे त्यांनी आधी ठरविले. त्यांनी तीन अटी मनाशी निश्चित केल्या. पहिली अट अशी की, जिवंत पेशीजालाप्रमाणे या पदार्थातही भरपूर पाणी सामावले पाहिजे. दुसरी अट अशी की, तो शरीरात अविकारी राहिला पाहिजे. म्हणजे शरीरातील रसांनी त्याचे विघटन होऊ नये आणि त्यानेही शरीराला कोणताही अपाय करू नये. तिसरी अट अशी की, शरीराच्या पोषणाला लागणारी आणि शरीराने टाकून दिलेली द्रव्ये त्यातून सहज पार झाली पाहिजेत. या तीन अटी कागदावर लिहिणे सोपे, परंतु एकाच पदार्थात त्या साध्य करणे अत्यंत अवघड होते.

ही अडचण समजून घेण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातच डोकावून पाहावे. साबुदाणा भिजत घातला म्हणजे पाणी पिऊन फुगतो. सब्जाच्या बियांभोवती पाण्याचे मऊ आवरण तयार होते. चिनी गवताचा घट्ट व थरथरणारा गोळा तर जवळजवळ सगळा पाण्याचाच असतो. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा पदार्थाला हायड्रोजेल म्हणतात. परंतु साबुदाणा दाबला की कुस्करतो, चिनी गवत तापविले की वितळते, आणि हे सर्व पदार्थ एक-दोन दिवस उघडे राहिले तर सूक्ष्म जंतूंचे भक्ष्य होऊन नासतात. पाण्याशी मैत्री करणारा पदार्थ बहुधा पाण्यातच विरघळतो अथवा कुजतो आणि जो टिकाऊ असतो, तो बहुधा पाण्याला जवळ येऊ देत नाही. मैत्री आणि टिकाऊपणा यांची सांगड कशी घालावी, हेच खरे कोडे होते.

हे कोडे विख्टर्ले आणि त्यांचे तरुण सहकारी द्राहोस्लाव लीम यांनी सोडविले. त्यांनी हायड्रॉक्सिएथिल मेथॅक्रिलेट नावाचे द्रव्य निवडले. या द्रव्याच्या रेणूंची साखळी गुंफली म्हणजे तिचा कणा केवळ कार्बनच्या अणूंचा बनतो. शरीरातील पाचक द्रव्ये प्रथिनांचे किंवा पिष्टाचे दुवे तोडू शकतात; परंतु कार्बन आणि कार्बन यांमधील हा बंध तोडण्याचे साधन त्यांच्यापाशी नसते. म्हणून हा कणा शरीरात दीर्घकाळ अभंग राहतो. या कण्याच्या बाजूला ज्या शाखा असतात, त्यांच्या टोकांशी पाण्याला आकर्षून घेणारे अणुगट असतात. शाखा जेथे कण्याला जोडलेली असते तो सांधा पाण्याच्या माऱ्याने उकलण्याचा संभव असतो. पण त्याच्या निकट असलेला एक लहानसा अणुगट पहारेकऱ्यासारखा उभा राहून त्याचे रक्षण करतो. अशा रीतीने एकाच रेणूत पाण्याची ओढही साधली आणि पाण्यापासून संरक्षणही साधले.

परंतु नुसत्या सुट्या साखळ्या असत्या, तर त्या पाण्यात एकमेकींपासून दूर सरकल्या असत्या आणि पदार्थाला कायमचा आकार राहिला नसता. म्हणून दोन साखळ्यांना मध्येच जोडणाऱ्या दुसऱ्या एका द्रव्याचा अगदी थोडा अंश त्यात मिसळण्यात आला. कोळ्याच्या जाळ्यात आडव्याउभ्या सुतांना जशा गाठी मारलेल्या असतात, तशाच या गाठी होत. जाळे पाण्यात पसरते, परंतु गाठींमुळे त्याची सुते सुटत नाहीत. गाठी फार झाल्या तर पदार्थ ताठर होतो आणि फार थोड्या झाल्या तर तो लिबलिबीत होतो. हे प्रमाण साधल्यावर जो पदार्थ हाती आला, तो सुमारे ४० टक्के पाणी धरून ठेवी, काचेसारखा पारदर्शक दिसे आणि बोटांनी वाकविला तरी पुन्हा पूर्वस्थितीला येई. तो उकळत्या पाण्यात टाकून निर्जंतुक करता येई. त्याने तो वितळत नसे. शिवाय जाळ्याच्या छिद्रांतून पाणी खेळत असल्यामुळे, साखळीत न गुंफली गेलेली आणि डोळ्याला झोंबू शकणारी उरलेली द्रव्ये वारंवार धुऊन काढता येत. निर्मळ होण्याचा हा गुण दीर्घकाळच्या उपयोगासाठी फार महत्त्वाचा ठरला.

१९५३ साली या पदार्थाच्या पेटंटची व्यवस्था झाली आणि १९६० च्या आरंभी ‘नेचर’ या इंग्लंडमधील विख्यात नियतकालिकात विख्टर्ले आणि लीम यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात जैविक उपयोगाच्या जेलांसाठी आवश्यक त्या अटी स्पष्टपणे मांडल्या होत्या. पृष्ठसंख्येने तो निबंध जेमतेम दोन पानांचा होता. परंतु शरीराच्या गरजा आधी ठरवून मग पदार्थ घडविण्याची जी नवी विद्या पुढे विकसित झाली, तिच्या पायाभरणीचा तो एक दगड मानला जातो.

पदार्थ मिळाला, आता त्याचे भिंग घडवावयाचे होते. १९५७ मध्ये विख्टर्ले यांनी बंद साच्यांत सुमारे शंभर भिंगे ओतली. परंतु साच्यातून काढताना त्यांच्या नाजूक कडा फाटत आणि फाटलेली कड डोळ्याला टोचे. प्रत्येक भिंग हाताने घासून नीट करावे लागे. असे भिंग शास्त्रज्ञाच्या टेबलावर शोभेल, पण सामान्य रुग्णाच्या हाती कसे पोचणार? नेत्रवैद्यांच्या साहाय्याने चाचण्या चालू होत्या, तरी मनाजोगे यश दूरच होते.

याच सुमारास दुसरे संकट ओढवले. १९५८ मध्ये साम्यवादी राजवटीच्या राजकीय छाननीत विख्टर्ले यांना इतर काही नामवंत अध्यापकांसह आपली संस्था सोडावी लागली. ज्या विभागाची त्यांनी स्वतः उभारणी केली होती, त्याचीच दारे त्यांना बंद झाली. सुदैवाने विज्ञान अकादमीने बहुवारिकांच्या संशोधनासाठी एक नवी संस्था स्थापन करून तिचे संचालकपद त्यांच्याकडे सोपविले. परंतु तिची इमारत अद्याप उभी राहावयाची होती. त्यातच भिंगांच्या संशोधनाला मिळणारे सरकारी पाठबळही थांबले. या कामातून काही निष्पन्न होणार नाही, असा अधिकाऱ्यांचा ग्रह झाला होता. एखादा दुसरा असता तर दैवाला दोष देऊन स्वस्थ बसला असता. विख्टर्ले यांनी आपले राहते घर हीच प्रयोगशाळा केली.

आता त्यांना एक वेगळीच युक्ती सुचली. भांड्यातील पाणी रवीने गरगर फिरविले म्हणजे ते कडेला चढते आणि मध्ये खोलगट होते, हे प्रत्येकाने पाहिले आहे. फिरण्याचा वेग जसा वाढवावा, तसा तो खोलगटपणाही वाढतो. विख्टर्ले यांनी विचार केला की, द्रव मिश्रण उघड्या साच्यात घालून साचाच फिरविला आणि फिरत असतानाच मिश्रण घट्ट होऊ दिले, तर भिंगाची आतली वक्रता आपोआप घडेल. साच्याच्या आकाराने भिंगाची बाहेरची बाजू ठरेल आणि फिरण्याच्या वेगाने आतली. वरून दाबणारा दुसरा साचाच नसल्यामुळे कड फाटण्याचा प्रश्न उरणार नाही. ती आपसूक पातळ आणि गुळगुळीत होईल.

युक्ती उत्तम होती, परंतु यंत्र कोठून आणावयाचे? १९६१ सालच्या नाताळाचे दिवस होते. घरात मुलांचा ‘मेर्कुर’ नावाचा खेळ होता. भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, चाके आणि स्क्रू जोडून निरनिराळी यंत्रे बनविण्याचा हा खेळ आपल्याकडील ‘मेकॅनो’सारखाच असतो. विख्टर्ले यांनी त्याच पट्ट्यांचा सांगाडा उभा केला. मुलाच्या सायकलीवरील दिव्याचा डायनॅमो काढून त्याचा चालक म्हणून उपयोग केला. त्याला वीज पुरविण्यासाठी घंटीचा ट्रान्सफॉर्मर जोडला. फिरत्या आसांवर साचे बसविले. जगातील एका मोठ्या उद्योगाचा उगम ज्या यंत्रातून झाला, ते यंत्र स्वयंपाकघरातील टेबलावर खेळण्यातून उभे राहिले होते. लहानपणी कारखान्याच्या परिसरात झालेली यंत्रांची ओळख अशा रीतीने फळाला आली.

त्या यंत्रावर पहिली चार भिंगे तयार झाली. ती विख्टर्ले यांनी प्रथम स्वतःच्याच डोळ्यांवर घालून पाहिली. त्यांची शक्ती त्यांच्या दृष्टीला जुळणारी नव्हती. परंतु ती डोळ्याला मुळीच सलत नव्हती. इतक्या वर्षांच्या परिश्रमांचा निकाल या एका गोष्टीने लागला. थोड्याच दिवसांत त्यांनी नव्या पद्धतीच्या पेटंटचा अर्ज तयार केला. पुढे अधिक साच्यांची यंत्रे केली, तेव्हा डायनॅमोचे बळ अपुरे पडू लागले; म्हणून ग्रामोफोनची मोटर काढून जोडण्यात आली. या कामात त्यांच्या पत्नी लिंडा यांनी त्यांना मोलाची साथ दिली. १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत या पतिपत्नींनी घरच्या यंत्रांवर ५,५०० भिंगे तयार केली. ज्या कामातून काही निष्पन्न होणार नाही असे म्हटले गेले होते, त्याला एवढे स्पष्ट उत्तर दुसरे कोणते असू शकेल?

या शोधाची कीर्ती सागरापार गेली. १९६५ साली विज्ञान अकादमीने त्याचे हक्क एका अमेरिकन कंपनीला विकले. हा व्यवहार विख्टर्ले यांना विश्वासात न घेताच झाला. पुढे हे हक्क ‘बॉश अँड लॉम्ब’ या भिंगांच्या मोठ्या कारखान्याकडे गेले आणि १९७१ मध्ये अमेरिकन सरकारच्या औषध-नियंत्रण खात्याने मृदू भिंगांच्या विक्रीला मान्यता दिली. तेव्हापासून या भिंगांचा प्रसार वाऱ्यासारखा झाला. त्यातून अफाट संपत्ती निर्माण झाली. परंतु ज्याच्या बुद्धीतून आणि हातांतून ती उपजली, त्याच्या वाट्याला तिचा अगदी क्षुल्लक अंश आला.

धनाचे असे झाले. मानाचेही काही काळ तसेच झाले. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात स्वातंत्र्याचे वारे वाहू लागले. त्या वेळी राज्यकारभारात सुधारणा व्हावी अशी मागणी करणाऱ्या ‘दोन हजार शब्द’ या प्रसिद्ध जाहीरनाम्यावर विख्टर्ले यांनी स्वाक्षरी केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांचे रणगाडे देशात शिरले आणि ती चळवळ चिरडली गेली. स्वाक्षरीचे प्रायश्चित्त विख्टर्ले यांना भोगावे लागले. १९७० मध्ये त्यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले. परदेशी शास्त्रज्ञांशी असलेले त्यांचे संबंध तोडण्यात आले आणि अध्यापनाची संधीही आखडण्यात आली. जगभर लोक त्यांची भिंगे डोळ्यांवर घालीत होते आणि स्वदेशातील सत्ताधारी त्यांच्याकडे डोळेझाक करीत होते. तरीही त्यांनी देश सोडला नाही आणि संशोधनही सोडले नाही. त्यांच्या नावावर पुढे सुमारे १८० पेटंटे जमा झाली.

काळाचे चक्र पुन्हा फिरले. १९८९ च्या अखेरीस चेकोस्लोव्हाकियातील एकपक्षीय राजवट रक्तपाताविना कोसळली. पुढच्याच वर्षी, वयाच्या ७७ व्या वर्षात, विख्टर्ले यांची देशाच्या विज्ञान अकादमीच्या अध्यक्षपदी निवड झाली. १९९२ च्या अखेरीस चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश होईपर्यंत त्यांनी ते पद भूषविले. १९९३ साली आकाशातील ३८९९ क्रमांकाच्या एका लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले. १८ ऑगस्ट १९९८ रोजी मोराव्हियातील स्त्राझिस्को या गावी, आपल्या जन्मस्थानापासून थोड्याच अंतरावर, त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

विख्टर्ले यांनी लावलेले रोपटे त्यांच्यामागे वाढतच राहिले. त्यांच्या जेलातून प्राणवायू वाहून नेण्याचे काम मुख्यतः त्यातील पाणी करीत असे. म्हणून त्याला एक मर्यादा होती. पुढील शास्त्रज्ञांनी जेलात प्राणवायूला सहज वाट देणाऱ्या सिलिकोनचा अंश गुंफला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या प्रकारची भिंगे बाजारात आली. भाजलेल्या जखमेला थंडावा देणाऱ्या पट्ट्या, औषध हळूहळू शरीरात सोडणाऱ्या गोळ्या, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात बसविण्याची काही मऊ भिंगे, अशा किती तरी वस्तूंत आज हायड्रोजेलांचा उपयोग होतो. त्यांतील काही जेले थोड्या दिवसांत विरघळावीत म्हणून, तर काही आयुष्यभर टिकावीत म्हणून मुद्दाम तशी घडविली जातात. परंतु कोणतेही जेल घडविताना, ते शरीराला मानवेल काय, शरीरात टिकेल काय आणि जीवनव्यापाराला वाट देईल काय, हे विख्टर्ले यांचे प्रश्न आजही संशोधकांना स्वतःला विचारावे लागतात.

त्यांच्या आयुष्यात सत्तेने दोनदा विद्यापीठाची दारे त्यांना बंद केली, एकदा तुरुंगाची उघडली आणि शेवटी संचालकपदही हिरावून घेतले. तरी त्यांचे काम थांबले नाही. कारण ते इमारतीवर किंवा अधिकारपदावर अवलंबून नव्हते. प्रश्न नेमका विचारावा, त्याचे उत्तर मिळेपर्यंत धीर सोडू नये आणि हाताशी असेल त्या साधनाने कामाला लागावे, एवढेच त्यांचे भांडवल होते. खेळण्याच्या पट्ट्या आणि सायकलीचा डायनॅमो यांनी जगाच्या दृष्टीची सेवा घडली, ती या भांडवलाच्या बळावरच.